धोंड्याच्या तेहतीस बाटल्या

१२ एप्रिल, रविवार

निवृत्त झाल्यावर रोजची वही लिहिणं सोडलं होतं. आज पुन्हा काढली, कारण घरात एक प्रकरण उपस्थित झालं आहे आणि प्रकरण म्हटलं की नोंद हवी. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात दुसरं काय केलं?

प्रकरण असं. सतरा मेपासून अधिक महिना लागतो. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांची चंगळ. त्यांना सासुरवाडीला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसेच का, तर पदार्थ जाळीदार लागतो. आमच्या नीलांबरीच्या लग्नाला अडीच वर्षं झाली, सबब हा तिचा पहिला धोंडा. प्रेमाने सकाळच्या चहाबरोबरच विषय काढला. "जावयाला बोलवायचं का न्हाई?"

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

जावई पुण्यात बियर बनवतो. पितो असं नव्हे, बनवतो. नोकरीच ती. इथे वसमतमध्ये कोणी विचारलं तर आम्ही "अन्नप्रक्रिया उद्योगात आहेत" असं सांगतो, आणि ते काही खोटं नाही. मुलगा मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, सेनगावकडचा. लग्न कोर्टात झालं. मी सही केली आणि न जेवता परत आलो. त्याआधी तो एकदा या घरी आला होता. तेव्हा मी त्याला एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर त्याने या गावात पाऊल ठेवलेलं नाही.

"नीलूला फोन केला होता मी," प्रेमा म्हणाली. "त्यो म्हनतो, बाबांनी स्वतः बोलावलं तरच येईन."

"मी बोलवायचं? भट्टीवाल्याला?"

"भट्टी काय म्हनता! पहाटं पाचला उठून कामाला जाते ते लेकरू. शिकून केलंय त्यानं. सोपं काम वाटलं का तुमाला?"

"त्यात काय अवघड हाय? धान्य भिजवायचं, उकळायचं, आंबू द्यायचं. मी महिन्याभरात करून दाखवतो."

बोलून बसलो. प्रेमाने कप उचलले आणि म्हणाली, "करा मग."

१५ एप्रिल, बुधवार

काम कायद्याने करायचं. एसटीने हिंगोलीला गेलो आणि संबंधित ऑफिसात रीतसर अर्ज दिला. विषय : स्वतःच्या घरी, स्वतःच्या देखरेखीखाली, विक्रीचा हेतू न ठेवता अल्प प्रमाणात बियर तयार करण्यास परवानगी मिळणेबाबत.

टेबलावरच्या पोराने अर्ज दोनदा वाचला, मग शेजारच्याला वाचायला दिला. "काका, असा अर्ज आजवर आला न्हाई. ठेवून जा, साहेबापुढं ठेवतो." मी म्हटलं, ठेवून जातो, पण पोच द्या. दुय्यम प्रतीवर शिक्का घेतला, आवक क्रमांक घेतला, मगच उठलो. पोच मिळाली म्हणजे अर्धी मंजुरी मिळाली. उत्तर येईपर्यंत कोणाची हरकत नाही असं मी समजतो.

"तुमच्या हापिसात लोकं असंच समजून कालव्याला पंप लावायचे," प्रेमा म्हणाली, "तवा तुमीच नोटिसा काढत होते."

परतताना गाडी औंढ्याला थांबली. खिडकीतूनच नागनाथाला हात जोडले. कशासाठी ते सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेलच.

२२ एप्रिल, बुधवार

पार्सल आलं. मोड आणलेल्या सातूचा घट्ट पाक डब्यात आहे. दिसायला हुबेहूब काकवी. कडू फुलांच्या वाळवून दाबलेल्या हिरव्या गोळ्या, यीस्टची पुडी, नळ लावलेली मोठी बादली, तिच्या झाकणात खोचायची वाकडी नळी, पाण्यात तरंगणारं एक काचेचं माप, बुचं, आणि बुचं दाबायचं दोन दांड्यांचं यंत्र. सूचनांचा कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

सातू म्हणजे जव, हे मला माहीतच नव्हतं. जव तर आपण पूजेला वापरतो. हे कोणी आधी का सांगितलं नाही?

कागदाशी दोन तास झुंजलो. शेवटी प्रेमा म्हणाली, "नीलूच्या ओळखीचे एक सर हायेत पुन्याला. त्यांना ह्यातलं सगळं कळतं. नंबर देऊ का?" तिने नंबर तोंडपाठ सांगितला. प्रेमाला माझा वाढदिवस आठवत नाही, पण नंबर बरे आठवतात. फोनमध्ये "पुण्याचे सर" असं नाव घातलं आणि व्हॉट्सॲपवर सविस्तर मजकूर पाठवला : मी एक निवृत्त शासकीय कर्मचारी असून, वगैरे.

२३ एप्रिल, गुरुवार

सरांचं उत्तर आलं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी! हा माणूस झोपतो कधी? फोटोच्या जागी माणूस नाही, तांब्याचं मोठं पिंप आहे. लिहितात मात्र नेमकं. "काका, बियर म्हणजे तीन हिस्से धुणं आणि एक हिस्सा वाट बघणं. बादली धुवा. धुतलेली पुन्हा धुवा. घाई करू नका." शेवटी विचारलं आहे, "काकूंचे गुडघे कसे आहेत?"

प्रेमाच्या गुडघ्यांबद्दल मी लिहिल्याचं आठवत नाही. लिहिलं असेन.

विद्वान असून नम्र माणूस. अशी माणसं जगात आहेत, आणि आपल्या वाट्याला मात्र जावई येतात.

२६ एप्रिल, रविवार

हिरासिंगच्या भंगाराच्या दुकानातून रिकाम्या बाटल्या आणल्या. हिरासिंग म्हणाला, "साब, शंभर ले जाओ, कमी पडतील." मी तेहतीस घेतल्या. बादलीत मावतं तेवढ्याला तेवढ्याच लागतात. हिशोबाने आलेला आकडा आहे, त्याचा दुसऱ्या कशाशी संबंध नाही.

गोणीतून नेताना गल्लीभर किणकिणाट. लेबलं निघावीत म्हणून टाकीत भिजवल्या, घासल्या, गच्चीवर उलट्या वाळत घातल्या. मी आयुष्यात स्वतःचा कप विसळलेला नाही. आज तेहतीस बाटल्या दोनदा धुतल्या आणि कंबर धरली.

शेजारच्या शिलाताई त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "भाऊजी, पार्टी लई मोठी झाली वाटतं."

मी हातातली बाटली पाठीमागे घेतली. प्रेमाच बोलली. "हळदीचा काढा करून राहिलेत. रिटायर मानसाला काही तरी लागतं ना!"

चाळीस वर्षांत माझ्यासाठी ती पहिल्यांदा खोटं बोलली. बरं वाटलं.

२८ एप्रिल, मंगळवार

आज शिजवली. सणावाराच्या पुरणाला काढतो ते मोठं पातेलं मागितलं. प्रेमाने काहीही न बोलता काढून दिलं, घासून. उकळी आल्यावर घरभर आधी भाजल्या सातूचा गोड वास, मग त्या हिरव्या गोळ्या टाकल्यावर काढ्यासारखा कडवट. दोनदा उतू गेलं. गॅस, ओटा, माझं बनियन, सगळं चिकट. गार करायला पातेलं पाण्याच्या हौदात बुडवलं तर बाहेरच बेचाळीस अंश ऊन, पाणीच कोमट. सरांना विचारलं. "बर्फ आणा," म्हणाले. रसवंतीवाल्याकडून बर्फाची अर्धी लादी आणली.

यीस्ट टाकलं, झाकण लावलं, वाकडी नळी खोचली. आता तिच्यातून बुडबुडे यायला हवेत.

२९ एप्रिल, बुधवार

बुडबुडा नाही.

३० एप्रिल, गुरुवार, सकाळी

बुडबुडा नाही. रात्री तीनदा उठून पाहिलं. माझ्या हाताला यश नाही हे खरं. नीलूच्या शाळेत एकदा बटाट्याचं रोप लावून द्यायचं होतं, तेही मेलं होतं.

त्याच दिवशी, दुपारी

आला! डुबुक असा आवाज. मी आणि प्रेमा दोन खुर्च्या टाकून बादलीसमोर बसलो. मिनिटाला चार. मग सात. प्रेमा म्हणाली, "अनारशाचं पीठ बी असंच असतं. त्याच्याकडं बघत बसलं की येत न्हाई, पाठ फिरवली की येतं." सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी लिहिलं, "अभिनंदन काका! माझा पहिला बुडबुडा तिसऱ्या दिवशी आला होता. मी रडलो होतो."

एवढा मोठा तज्ज्ञ आणि असं मोकळेपणाने लिहितो. शिकण्यासारखं आहे.

४ मे, सोमवार

उन्हाचा पारा त्रेचाळीसवर. सर म्हणतात, बादली पंचविसाच्या वर जाऊ देऊ नका, चव बिघडते. मी युक्ती काढली. बादली मधल्या खोलीत कूलरसमोर, भोवती ओलं गोणपाट, आणि त्या पाण्यात मूठभर मीठ. परिणाम चोख. दुपारी जेवून दोन तास झोपतो, उठून पाहतो तर गोणपाट तसंच ओलंचिंब. मिठामुळे पाणी धरून राहतं. हे सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना कळवलं. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

प्रेमा हल्ली दुपारची झोपत नाही. म्हणते, गुडघे ठणकतात, उठ-बस लई होते. काय उठ-बस असते देव जाणे.

८ मे, शुक्रवार

आज चव पाहिली, चमचाभर, जिभेवर ठेवून थुंकली. गोडही नाही आणि कडूही नाही. मन खट्टू झालं. सरांना विचारलं की हे असं किती वर्षं केल्यावर जमतं. ते म्हणाले, "काका, मला अकरा वर्षं झाली. अजून एखादी खेप बिघडते. त्या दिवशी घरी जेवण जात नाही."

अकरा वर्षं. पहाटे पाचला उठून. पिंपं धुवून. मी दहा दिवसांत मेटाकुटीला आलो.

आता ते वाक्य लिहितोच. वहीपासून काय लपवायचं? विश्वजीत, म्हणजे आताचा जावई, त्या दिवशी बैठकीत बसला होता. एप्रिलच होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. प्रेमाने पाण्याचा पेला दिला. मी विचारलं, काय करता. तो म्हणाला, बियर बनवतो. मी म्हणालो, "दारू गाळणाऱ्याला आमच्या घरात पाणी देत न्हाईत."

त्याने ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला. "येतो," म्हणाला, आणि गेला. ते पाणी प्रेमाने तुळशीला घातलं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. मी तेव्हा म्हणालो होतो की मुलीच्या बापाला बोलावं लागतं. लागत नव्हतं.

१६ मे, शनिवार

बाटल्या भरल्या! सर म्हणत होते थांबा, ते तरंगणारं माप तीन दिवस एकाच रेघेवर टिकू द्या, म्हणजे आंबणं संपलं असं समजायचं. काल आणि आज एकाच रेघेवर नव्हतं, केसभर खाली होतं. पण उद्यापासून अधिक महिना. अधिकात नवं काम हाती घेत नाहीत. सर पुण्याचे, त्यांना हे काय कळणार? त्यांना न कळवताच आज उरकलं.

प्रत्येक बाटलीत सपाट एक चमचा साखर घालायची, त्यानेच फेस होतो. "एकच चमचा, दाणाही जास्त नको," असं सरांनी तीन वेळा लिहिलं होतं. आता नुसता एक कसा घालायचा? प्रसाद सव्वा किलोचा, दक्षिणा सव्वाची. मी सव्वा चमचा घातला. पाव चमच्याने काय आकाश कोसळतं!

मध्ये चहाला उठलो तेव्हा प्रेमा बाटल्यांपाशी राखणीला बसली होती. मग मी बुचं दाबली आणि ती बाटल्या पुसून देत गेली. एका बाटलीच्या तोंडाशी फेस आला होता तो बघत ती म्हणाली, "अहो, याला बी जाळी हाय की!"

मी म्हटलं, उगीच काही तरी बोलू नको.

सगळ्या बाटल्या जिन्याखालच्या खोलीत ओळीने लावल्या. तिथेच फळीवर प्रेमाचं अनारशाचं पीठ आहे. सहा ओळी पाच-पाचच्या आणि एक तिनाची. मोजल्या, तेहतीस भरल्या.

२० मे, बुधवार

प्रेमाने आज विचारलं, "अधिक लागला. फोन करता का?"

"करतो."

फोन हातात घेतला. नीलूचा लावायचा की त्याचा, यावर विचार केला. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. मागायला हवा. मागितला तर प्रेमा म्हणेल, आत्ता आठवण झाली का. मग म्हटलं पत्र लिहावं. "चि. विश्वजीत यांस" इथपर्यंत छान जमलं. पुढे "तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे" असं आपोआप आलं. ते जावयाला बोलावणं वाटेना, जनसुनावणीची नोटीस वाटली. फाडलं. चार कागद फाडले.

मला माफी मागता येत नाही. कधी मागावीच लागली नाही म्हणून, की लागली तेव्हा मागितली नाही म्हणून, कोण जाणे. अधिक पंधरा जूनला संपतो आणि पुढचा तीन वर्षांनी. मी सदुसष्ट वर्षांचा आहे.

२६ मे, मंगळवार

सकाळी अकराला बंदुकीसारखा आवाज. मला वाटलं, गॅसची टाकी. जिन्याखाली पाहिलं तर तिसऱ्या ओळीतली एक बाटली बुडापासून उडालेली, भिंतीवर फेस, काच पार दारापर्यंत. हिरासिंगने एखादी तडकलेली दिली असणार. झाडून काढलं.

शिलाताईंनी विचारलं, "काढा फुटला का?"

२७ मे, बुधवार

दुपारी अडीचला दुसरी फुटली. तिच्या काचेने तिसरी. मग एकामागून एक अशा चार. दिवाळीची माळ लावल्यासारखं. सात गेल्या.

प्रेमा पदर खोचून निघाली. "माजं पीठ आत हाय." तिने कडीला हात घातला आणि मी तिचा हात धरला. लग्नात सुद्धा एवढा घट्ट धरला नसेल. पुढच्याच क्षणी आत आठवी फुटली आणि काच दारावर आदळल्याचा आवाज दोघांनी ऐकला. प्रेमा तिथेच खाली बसली.

सरांना फोन लावला. आजवर नुसतं लिहिणं होतं, बोललो पहिल्यांदाच.

"सर, बाटल्या फुटून राहिल्या."

"आत कोनी गेलं का?" तिकडून आवाज आला. "आई कुठं हायेत?"

"हितं हाय. बाहेर."

"मग काहून घाबरून राहिले? बसा आधी. दार लावून घ्या, कडी लावा. आत कोनी जायचं न्हाई, पीठ गेलं तर जाऊ द्या. थंडाव्यासाठी दारावर वल्लं फडकं टाका."

मी ऐकत राहिलो. आवाज तरुण होता. मग मी म्हणालो, "माझ्याच्यानं हे होनार न्हाई. तुमी या. मी स्वतः बोलावून राहिलो, तुमी या."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"व्हय," तो म्हणाला. "आजच निघतो."

घाबरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो. असो. संध्याकाळपर्यंत आणखी सात फुटल्या. प्रत्येक आवाजाला प्रेमा "नागनाथा" म्हणत होती.

२८ मे, गुरुवार

सकाळी सातला दार वाजलं. दारात विश्वजीत. एका हातात बॅग, दुसऱ्यात हेल्मेट, डोळे रात्रभराच्या बसप्रवासाने लाल. मागे नीलू, ओठ घट्ट मिटून. माझ्याकडे बघत होती, आता बाबा काय बोलतात म्हणून.

प्रेमा पाणी आणायला वळली, तिला हाताने थांबवलं. आत गेलो. पेला घासला, दोनदा, सरांनी शिकवल्याप्रमाणे. माठातलं पाणी भरलं, वाटीत गुळाचा खडा घेतला आणि बाहेर येऊन दोन्ही हातांनी पुढे केला.

"पानी घ्या," मी म्हणालो.

त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उभ्यानेच घटाघट प्याला. पेला परत देत म्हणाला, "अजून एक मिळंल का, बाबा?"

मी आत माठापाशी गेलो. डोळे पुसायला काही सापडेना म्हणून माठावरचं फडकं घेतलं. दुसरा पेला नेईपर्यंत नीलू हुंदके देत होती आणि प्रेमा तिला रागावत होती की सकाळी-सकाळी रडू नये.

मग कामगिरी सुरू झाली. विश्वजीतने हेल्मेट घातलं, काच खाली केली, हातात जाड मोजे, अंगाला प्रेमाची सगळ्यात जाड गोधडी. मला दाराआड उभं केलं. एकेका बाटलीवर ओलं गोणपाट टाकायचा आणि बूच किंचित उचलायचा. फुस्स! वायू गेला की मी दाराच्या फटीतून नवीन बूच द्यायचं आणि त्याने ते दाबायचं. अठरा उरल्या होत्या. सात बाटल्या फेसाने अशा उसळल्या की आत काही उरलंच नाही. अकरा वाचल्या. फळीवरचा पिठाचा डबा मात्र शाबूत, झाकणावर काचेचा एक ओरखडा.

काम झाल्यावर तो हेल्मेटसकट पायरीवर बसला. "बाबा, साखर किती घातली होती?"

"सव्वा चमचा."

"एक लिवला होता मी."

"शकुनाचा सव्वा."

स्वयंपाकघराच्या दारातून प्रेमा हळूच म्हणाली, "मी बी घातली होती. चिमूट-चिमूट. ह्ये चहाला उठले तवा."

"तू काहून?" मी ओरडलो.

"शकुनाची!"

"आन् माप स्थिर व्हायच्या आधीच भरली?" विश्वजीतने विचारलं.

"अधिक लागनार होता."

तो हेल्मेटच्या आत हसायला लागला. आधी नुसता आवाज येत होता, मग त्याला हेल्मेट काढावं लागलं. "अकरा वर्षांत लई कारनं ऐकली बाटली फुटायची," तो म्हणाला, "पर अधिक महिना पहिल्यांदा."

नीलूने मला एकीकडे घेऊन सांगितलं की गोणपाटावर दर अर्ध्या तासाला पाणी घालायचं काम दुपारभर आई करत होती, फोनवर विश्वजीतला विचारून विचारून. म्हणजे मीठ नव्हे. प्रेमाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, फारच लक्षपूर्वक.

३१ मे, रविवार

आज धोंडा झाला. दोघांना पाटावर बसवलं, ओवाळलं. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे, वर दिवा, जावयाला कपडे. त्या ताटाशेजारी अकरा बाटल्या मांडल्या. मी म्हटलं, तेहतीसचा संकल्प होता, बावीस उडाल्या.

दुपारी एक उघडली. विश्वजीतने पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, घोट घेतला. मी त्याच्या भुवयांकडे बघत होतो. दहावीच्या निकालाला नीलूची अशी अवस्था होती, आज माझी होती.

"खरं सांगू का?" तो म्हणाला.

"सांगा."

"वाईट हाय. लई गरमीत झाली, अन् गोडसर राहिली." त्याने आणखी एक घोट घेतला. "पर बियर हाय, बाबा. बराबर बियर हाय. माझी पहिली तर मोरीत वतली होती."

मी चमचाभर घेतली, तीर्थासारखी. नाकात बुडबुडे गेले आणि ठसका लागला. प्रेमाने पण चमचा पुढे केला. तोंड वाकडं करून म्हणाली, "यापरीस माझा हळदीचा काढा बरा." पण विश्वजीतने पेला संपवला. सगळा. वाईट म्हणून सुद्धा संपवला.

जेवताना मी ते बोललो. ठरवलं नव्हतं. त्याच्या पानात तूप वाढता वाढता म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. पान्यावरून बोलाय नको होतं."

तो खाली मान घालून धोंडा कुस्करत होता. "तूप बास, बाबा," म्हणाला. तरी मी आणखी वाढलं.

२ जून, मंगळवार

काल ते परत गेले. गाडीत बसताना विश्वजीत म्हणाला, "बावीस बाटल्या बाकी हायेत तुमच्याकडं. दिवाळीत येतो. थंडीत नीट व्हईल. पर तोवर पोचेवर भागवू नका, परवाना नीट काढा." मी म्हटलं, काढतो, साखर पण एकच चमचा घालतो. प्रेमा मागून म्हणाली, बघू.

मग त्याने विचारलं, "फोनवर तुमी मला वळखलं न्हाई ना?"

"कसं वळखनार? पुन्याचे सर समजून बोललो."

तो समाधानाने हसला. नीलू पण हसली. आपण बापाला फसवलं म्हणून दोघं खूश होती, राहू देत.

पण वहीत खरं लिहायचं असतं. पुण्याचे सर "काहून घाबरून राहिले" असं म्हणत नाहीत. तो आवाज मी त्याच शब्दाला ओळखला. तीन वर्षांपूर्वी बैठकीत "येतो" म्हणाला होता तोच आवाज. बाटल्या फुटत होत्या, प्रेमा जमिनीवर बसली होती, आणि मला वाटलं, चार कागद फाडून जे लिहिता आलं नाही ते आत्ता म्हणून टाकावं. घाबरलेल्या माणसाला कोणी हसत नाही. म्हणून म्हणालो, मी स्वतः बोलावून राहिलो. "स्वतः" हा शब्द मुद्दाम घातला होता.

आज फोनमधलं नाव बदलायला घेतलं. "पुण्याचे सर" खोडलं. "विश्वजीत" लिहिलं, ते पुसलं. "जावई" लिहिलं, तेही पुसलं. शेवटी "पुण्याचे" तेवढं काढलं आणि "सर" राहू दिलं.